यंत्राशी गप्पा : स्प्रिंग लोखंडाची की हवेची?



या आठवड्याचं पत्र थेट जर्मनीतल्या स्टुटगार्टहून आलंय. आपली ही मैत्रीण पंधरा वर्षांची. तिच्या घरी विजेची माउंटन बाइक घ्यायचं ठरलंय आणि ती बाबा नि लेक आळीपाळीने चालवणार आहेत. पण घोडं अडलंय मागच्या शॉक ॲब्सॉर्बरपाशी! बाबा म्हणतात, “लोखंडी स्प्रिंगचा घेऊ, दणकट असतो.” दुकानदार म्हणतो, “हवेचा घ्या.” मैत्रीण विचारते, “वजन बाबांचं 82 किलो, माझं 50. मी कोणाच्या बाजूने बोलू?”

प्रश्न झकास आहे. चला, दोन्ही बाजू ऐकून घेऊ.

आधी एक प्रयोग. सुई नसलेली 10 मिलिलिटरची नवी सिरिंज घ्या. दट्ट्या 10 च्या खुणेपर्यंत ओढा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. 5 पर्यंत थोड्या जोराने जाईल. त्यापुढे मात्र अंगठा लालबुंद होईल आणि दट्ट्या हटवणं अवघड होत जाईल! हवेची जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो, पाव झाली की चौपट. हा बॉइलचा नियम, 1662 सालचा. रॉबर्ट बॉइलने त्याआधी 1660 साली जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ असे शब्द होते.

लोखंडी स्प्रिंगची तऱ्हा वेगळी. 1 सेंटिमीटर दाबायला जेवढा जोर, 2 सेंटिमीटरला त्याच्या बरोबर दुप्पट. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हिशेब. हा रॉबर्ट हूकचा नियम, 1678 साली छापलेला. आणि गंमत बघा, बॉइलचा हवेचा पंप तयार करणारा मदतनीस म्हणजे हाच हूक! म्हणजे बाबांचा शॉक आणि दुकानदाराचा शॉक, दोघांचंही मूळ घर एकच.

आता बाबांची बाजू. हवेच्या शॉकमध्ये हवा निसटू नये म्हणून रबरी सील घट्ट बसवलेली असतात. ती घासतात, त्यामुळे बारीक खडे आले की शॉक हलायला किंचित कुरकुरतो. लोखंडी स्प्रिंगला तसं काही नाही. बारक्या खड्यालाही ती लगेच दबते, चाक जमिनीला चिकटून राहतं आणि पकड चांगली मिळते. लांबलचक उतारावर शॉक तापला, तरी स्प्रिंगचा ताठरपणा बदलत नाही. हवा मात्र तापली की दाब वाढतो आणि गारठली की उतरतो. 20 अंशांच्या खोलीत भरलेली 200 पौंड हवा 0 अंशांच्या थंडीत 185 च्या आसपास येते. जर्मनीतल्या हिवाळ्यात हे ध्यानात ठेवायलाच हवं.

“पण लोखंड जड असतं ना?” असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. स्प्रिंगचा शॉक साधारण 400-500 ग्रॅमने जड भरतो. पायांनी चढ चढायचा असेल, तर हे ओझं टोचतं. पण मोटर आणि बॅटरीसकट ही सायकल 20 ते 25 किलोंची! तिथे अर्ध्या किलोचं काय एवढं? शिवाय चढावर मोटर मदतीला असतेच. म्हणून विजेच्या सायकलवर पुष्कळ जण लोखंडी स्प्रिंग पसंत करतात.

मग दुकानदार चुकला का? थांबा, घाई नको.

सायकलवर बसल्यावर मागचा शॉक थोडा दबायला हवा, त्याच्या एकूण चालीच्या साधारण 30 टक्के. चाल 60 मिलिमीटर असेल, तर 18 मिलिमीटर. बाबांसाठी निवडलेली स्प्रिंग बाबा बसल्यावर नेमकी 18 दबेल. पण आपली मैत्रीण बसली, तर माझ्या अंदाजे हिशेबाने जेमतेम 12! म्हणजे तिच्यासाठी ती स्प्रिंग ताठ. दगडांवरून जाताना मागचं चाक उड्या मारणार, आणि जमिनीवर नसलेल्या चाकाचा ब्रेक कितीही करकचून दाबला तरी काय उपयोग? उतारावर हा नुसता आरामाचा प्रश्न उरत नाही, हातपाय शाबूत राहण्याचा होतो. उलट तिच्या वजनाची स्प्रिंग लावली, तर बाबा प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटणार.

लोखंडी स्प्रिंगचा ताठरपणा नुसता स्क्रू पिळून बदलत नाही. स्प्रिंगच बदलावी लागते. हवेच्या शॉकला मात्र छोटा खास पंप लावला की दोन मिनिटांत काम फत्ते. बाबांचा आकडा वेगळा, लेकीचा वेगळा, दोन्ही वहीत लिहून ठेवायचे. आणि हो, पंधराव्या वर्षीचं 50 किलो सतराव्या वर्षी 58 झालं, तरी हवा तुमच्याबरोबर वाढते!

आणखी एक मुद्दा. हवा शेवटी शेवटी फार ताठ होते, त्यामुळे मोठ्या उडीनंतर शॉक सहसा तळाला आपटत नाही. लोखंडी स्प्रिंगला ही कला येत नाही. ते काम सायकलच्या सांगाड्याच्या रचनेने करावं लागतं, आणि प्रत्येक सांगाडा तसा नसतो. म्हणून सायकलच्या माहितीपुस्तकात ‘लोखंडी स्प्रिंग चालेल’ असं आहे का, ते आधी पाहायचं. नसेल, तर वाद तिथेच मिटला.

तेव्हा मैत्रिणी, माझा कौल तुमच्या घरापुरता हवेला! बाबा एकटेच चालवणार असते आणि रोज दगडधोंड्यांचा लांब उतार असता, तर मी बाबांच्या बाजूने उभा राहिलो असतो. बाबांना हे सांगताना “तुम्ही चुकलात” म्हणू नकोस. सायकलवर दोघांनी आळीपाळीने बसा, शॉक किती दबतो ते पट्टीने मोजा आणि आकडे त्यांच्यापुढे ठेव. बाबालोक आकड्यांपुढे लवकर नमतात!

हवेचा शॉक घेतलात, तर दोन पथ्यं पाळा. दर महिन्याला दाब तपासा. आणि सील बदलायची वेळ आली की शॉक घरी उघडत बसू नका. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 30-35 पौंड हवा असते, इथे 200! ते काम जाणत्या मेकॅनिकचंच.

बाकीच्यांनी सिरिंजचा प्रयोग करून पाहा. कोणाचा दट्ट्या किती खाली गेला, ते कळवा बरं का!