अडलेल्या घासाची गणती

एखादा रोग पुरुषांचा आणि एखादा स्त्रियांचा, अशी वाटणी एकदा रूढ झाली की ती पुसणे कठीण जाते. अन्ननलिकेच्या एका चिवट दाहाबाबत अशीच वाटणी झालेली आहे. इओसिनोफिल या नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी एरवी वावड्याच्या वा जंतांच्या प्रसंगी रक्तात वाढतात. या विकारात त्या अन्ननलिकेच्या अस्तरातच ठाण मांडून बसतात. नलिका सुजते, वर्षे लोटली की आवळत जाते आणि घास अडू लागतो. १९९३ व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांनी या विकाराला स्वतंत्र रोगाचे स्थान मिळवून दिले. तेव्हापासून पाश्चात्य देशांतील गणनांत एक प्रमाण सातत्याने आढळते : सुमारे तीन पुरुषांमागे एक स्त्री.

हे प्रमाण निराधार आहे असे मुळीच नाही. दाह चेतवणाऱ्या ‘टीएसएलपी’ या प्रथिनाचा या रोगाशी असलेला संबंध उघड झाला आहे. त्या प्रथिनाचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकाचे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांच्या समाईक भागात असते, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यातील विशिष्ट बदल पुरुष रुग्णांशी निगडित आढळले. स्त्रीसंप्रेरके अस्तराचे काही अंशी रक्षण करीत असावीत, असाही एक तर्क मांडला जातो. निसर्गाने येथे काही पक्षपात केला आहे, एवढे मान्य करावयास हरकत नाही.

परंतु निसर्गाच्या पक्षपातात माणसांनी आपल्या पदरची भर घातली असेल तर ती वेगळी काढली पाहिजे. हा रोग नाडी पाहून वा रक्त तपासून ठरत नाही. घशातून दुर्बीण उतरवून, अस्तराचे किमान सहा तुकडे निरनिराळ्या पातळ्यांवरून काढून, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. कारण काही रुग्णांत दुर्बिणीला नलिका निर्दोषच दिसते. म्हणजे जी व्यक्ती दुर्बिणीपर्यंत पोहोचली, तिचीच गणती. आता हा निकष नीरा डाव्या कालव्याच्या काठच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात लावून पाहावा.

घास अडणारा माणूस काय करतो? तो सावकाश खातो, फार चावतो, घासागणिक पाणी पितो, कोरडे टाळतो. पाश्चात्य टेबलावर असे वागणे चारचौघांच्या नजरेत भरते. आपल्याकडे भाकरी आमटीत कुस्करून खाणे ही रीतच आहे. त्या काल्यात दुखणे सहज लपते. त्यातून घरातली बाई सर्वांच्या मागून जेवते. तिला जेवायला किती वेळ लागला, अर्धी भाकरी तिने परत डब्यात का ठेवली, हे पाहायला तिथे कोणी नसते. पुरुषाचा घास अडला तर पंगत थांबते. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीची जोडपी येतात. त्यांतल्या बाईने एक दिवस दवाखान्यात घालविला तर खाडा पडून जोडीचीच मजुरी बुडते. तिच्यापुढे दुर्बिणीची गोष्ट काढणेही अवघड.

शिवाय तिची तक्रार वेगळ्या शब्दांत येते. पुरुष रुग्णांत घास अडणे व अडकून बसणे अधिक, तर स्त्रियांत छातीत जळजळ व दुखणे अधिक, असे अभ्यास सांगतात. जळजळीला आपल्याकडे एकच नाव : पित्त. कारणही तयार असते, उपवास, जागरण, तिखट. मग औषधाच्या दुकानातून उपाशीपोटी घ्यावयाची गोळी येते. विशेष हे की, आम्ल कमी करणारी ही गोळी या रोगावरील मान्य उपायांपैकी एक आहे. बऱ्याच रुग्णांत ती सूज उतरविते. त्यामुळे निदानावाचून घेतली की रोग झाकला जातो, आणि पुढे तपासणी झालीच तर तुकड्यात पुरेशा पेशी सापडत नाहीत. (उपवासाचे म्हणून खाल्ले जाणारे दूध आणि शेंगदाणे हे या रोगाला चेतविणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहेत, हेही जाता जाता नोंदवावे. दूध तर त्या यादीत अग्रभागी.)

गळ्यात गोळा येतो असे सांगणाऱ्या स्त्रीला ‘हिस्टेरिया’चे लेबल लावून परत पाठविण्याची परंपरा वैद्यकात जुनी आहे, तो शब्दच मुळी गर्भाशयावरून आला. आज शब्द बदलला, ‘टेन्शन’ झाला, इतकेच. दुसऱ्या बाजूने, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या कमतरतेनेही गिळणे अवघड होऊ शकते. तेव्हा लोहाच्या गोळ्या देणे योग्यच, पण तेवढ्यावर चौकशी संपविणे योग्य नव्हे.

विलंबाची किंमत मोजलेली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील २०० रुग्णांच्या अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांची नलिका आवळलेली होती. वीस वर्षांहून अधिक विलंब झालेल्यांत हेच प्रमाण ७१ टक्क्यांच्या घरात गेले. फुग्याने नलिका रुंद करण्याची पाळी तेव्हा येते. वेळीच ओळख पटली तर गोळी, गिळावयाचे स्टेरॉइड किंवा वावडे असलेला पदार्थ वर्ज्य करणे यांवर बऱ्याच जणांचे भागते.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरच्या बाईला आता प्रत्येक तपासणीसाठी पुणे गाठण्याचे कारण उरू नये. गोळी घेऊनही जळजळ न थांबलेल्या किती स्त्रिया व किती पुरुष आले, त्यांपैकी दुर्बिणीपर्यंत कितीजण पोहोचले आणि तुकडे कितीजणांचे काढले, असे तीन रकाने या महाविद्यालयाने स्त्री-पुरुषवार ठेवावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला हा विषय पुरेसा आहे. आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने पित्ताची तक्रार सांगणाऱ्या बाईला एवढेच विचारावे : जेवायला किती वेळ लागतो, घासागणिक पाणी लागते का, आणि कोरडी भाकरी शेवटची कधी खाल्लीस?