पाटीवरचे 'घरगुती'

रेवसपासून रेडीपर्यंत कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गावर जेवणाची चांगली जागा कशी शोधावी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी इतर कोणावर सोपवण्याचे कारण नाही. तो बऱ्याच अंशी वाचनाचा प्रश्न आहे. या रस्त्यावर अन्नाच्या आधी पाट्या भेटतात. कंपाउंडच्या चिऱ्यांवर रंगवलेल्या, माडाला तारेने बांधलेल्या, फ्लेक्सवर छापलेल्या. आणि अलिबागपासून शिरोड्यापर्यंत या पाट्यांवर एक शब्द इतक्या वेळा येतो की काही वेळाने तो डोळ्यांना दिसेनासा होतो. 'घरगुती'. घरगुती जेवण, घरगुती राहण्याची सोय, घरगुती पद्धतीचे मासे, घरगुती कोकम सरबत. ज्या शब्दाने वेगळेपण सांगायचे तोच सर्वांनी लावला, तर त्याचा अर्थ काय उरतो?

आधी रस्त्याविषयी. मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा 17 आणि आताचा 66 क्रमांकाचा, किनाऱ्यापासून बराच आत, सह्याद्रीकडे सरकून धावतो. त्यावरची हॉटेले कोणत्याही महामार्गावरच्या हॉटेलांसारखीच. तिथे थांबणाऱ्याला पोट भरायचे असते आणि पुढे जायचे असते. सागरी महामार्गाचे तसे नाही. तो नावाने महामार्ग असला तरी दर पन्नास-साठ किलोमीटरांवर एखादी खाडी त्याला अडवते. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ या ठिकाणी अजूनही गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. दाभोळची फेरीबोट 2003 साली सुरू झाली. त्यापूर्वी समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडीने पोहोचायचे तर चिपळूणचा वळसा घ्यावा लागे. पाण्याने पाऊण-एक किलोमीटर आणि रस्त्याने अर्धा दिवस, असे हे अंतर होते.

या तुटलेपणाचा स्वयंपाकाशी थेट संबंध आहे. खाडी ओलांडली की ताटातला पदार्थ बदलतो, निदान बदलायला हवा. रायगडच्या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी घरांत माशाला 'म्हावरे' म्हणतात, ताटात तांदळाची भाकरी असते, कालवणाला चिंचेचा आंबटपणा चालतो आणि ताजा बोंबील हा तिथला रोजचा मासा. थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून पोपटी लावायची ती इथेच. दक्षिणेकडे जावे तसा बोंबील विरळ होतो आणि बांगडा वाढतो. मधल्या पट्ट्यात, दापोली-गुहागरच्या बाजूला, वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी आणि उकडीचे मोदक यांचे राज्य. सिंधुदुर्गात शिरले की चिंच मागे पडून आमसूल पुढे येते, बांगड्याच्या आमटीत तिरफळे पडतात, भात उकड्या तांदळाचा होतो, आणि वडे, घावणे, आंबोळ्या, शिरवाळे अशी तांदळाची निराळीच कुळे भेटू लागतात. सीमेपलीकडे गोव्यात त्याच माशाला 'नुस्ते' म्हणतात. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरांच्या प्रवासात बोली जितक्या वेळा बदलते, साधारण तितक्याच वेळा वाटणही बदलते.

पाट्या मात्र हे सांगत नाहीत. अलिबागला 'अस्सल मालवणी', श्रीवर्धनला 'अस्सल मालवणी', हर्णैलाही तेच. मालवण हे एका तालुक्याचे नाव आहे, हे विसरून ते आता एका साहित्यप्रकाराच्या नावासारखे वापरले जाते. जसे कोणत्याही ग्रामीण कथेला काही काळ 'माणदेशी' म्हणण्याची सोय झाली असती, तर साताऱ्याच्या आणि नागपूरच्या लेखकाला जे वाटले असते, ते आगरी घरातल्या सुगरणीला वाटत असावे. मुंबईच्या गिऱ्हाइकाला 'मालवणी' कळते, 'आगरी' कळेलच याची खात्री नाही, म्हणून तीही पाटीवर 'मालवणी'च लिहिते. त्यानंतर हळूहळू वाटणही पाटीप्रमाणे बदलते, आणि सोलकढी, जिथे ती रोजची नव्हती तिथेही, गडद गुलाबी रंगाची होऊन प्रत्येक ताटाच्या कडेला उभी राहते. या शब्दाने किनाऱ्याचे जितके नुकसान केले आहे तितके पनीरनेही केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

'घरगुती'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. हा शब्द ऐकताना प्रेम, निगुती, आजीचा हात वगैरे मनात येते. पण घरचे जेवण पैशाने विकण्याची मराठी परंपरा कोकणातल्या पर्यटनाच्या कितीतरी आधी मुंबईच्या गिरणगावात घडली. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना, ज्यांत कोकणातले पुष्कळ होते, चाळीतल्या खोलीत डबा आणि ताट पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांना संघटित करण्यासाठी. त्या मंडळाने पहिली गोष्ट ही मान्य करायला लावली की, घरात होणारा हा स्वयंपाक म्हणजे काम आहे, धंदा आहे, आणि त्यासाठी कर्ज मिळाले पाहिजे. किनाऱ्यावरच्या पाटीवरचा 'घरगुती' हा शब्द नेमके हेच झाकतो. पाटीवर देवाचे नाव असते, घराण्याचे आडनाव असते, मोबाइल नंबर असतो आणि तो बहुधा घरातल्या पुरुषाचा असतो. पहाटे मासळी निवडणारी, नारळ खवणारी, पाट्यावर किंवा मिक्सरवर वाटण वाटणारी बाई पाटीवर कुठेच नसते. आपण जेवून उठताना 'अगदी घरच्यासारखे होते' असे म्हणतो, आणि बिल मात्र ओटीवर बसलेल्या यजमानांच्या हाती देतो.

आणि घर म्हणजे कोणाचे घर? पाट्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. काही पाट्या ते उघड सांगतात, काही गाळून सांगतात. 'ब्राह्मणी घरगुती जेवण' अशी पाटी वाचून शाकाहारी प्रवासी निर्धास्त होतो. एका जातीचे नाव इथे पाककृतीचे विशेषण होऊन बसले आहे, आणि कोणाला ते खटकत नाही. 'भंडारी', 'आगरी-कोळी' ही नावेही अलीकडे अभिमानाने लागतात, हे चांगलेच. पण श्रीवर्धन, म्हसळा, बाणकोट, दाभोळ, जैतापूर या खाड्यांच्या काठी शतकानुशतके राहणाऱ्या कोकणी मुसलमानांचा स्वयंपाक पाटीवर जवळजवळ दिसतच नाही. 'सांदण' या एका शब्दाकडे पाहा. ब्राह्मण घरात ते फणसाच्या किंवा आंब्याच्या रसाचे, गोड. कोकणी मुसलमान घरात ते तांदळाचे, नारळाचे, कालवणाबरोबर खाण्याचे. एकाच किनाऱ्यावर, एकाच नावाने, दोन घरांत दोन पदार्थ होतात. पहिले प्रवाशाला मागितल्यावर मिळू शकते. दुसऱ्यासाठी कोणाची तरी ओळख असावी लागते. दलित वस्तीतल्या घराने 'घरगुती' अशी पाटी लावलेली मी या रस्त्यावर पाहिलेली नाही. 'घरगुती' शब्दाची हद्द कुठे संपते हे त्यावरून कळते.

तरीही चांगले जेवायचे असेल तर या घरांकडेच जावे लागते, याविषयी मला शंका नाही. फक्त जाण्याची रीत पाटीवर लिहिलेली नसते. खऱ्या घरगुती खाणावळीत शीतकपाटात मासळीचा साठा नसतो. सकाळी जेवढी पाने सांगितली असतील तेवढीच मासळी घेतली जाते, तेवढाच नारळ फोडला जातो. म्हणून आदल्या रात्री, फार तर सकाळी नऊ-दहापर्यंत, फोन करणे हा शिष्टाचार नाही. ती स्वयंपाकाची पूर्वअट आहे. फेरीबोट चुकली आणि तुम्ही अडीच-तीनला पोहोचलात, तर ज्या घरात तुम्हाला 'आता काही उरले नाही' असे सांगतात त्या घराचा नंबर जपून ठेवावा. ज्या ठिकाणी त्या वेळीही दहा प्रकारचे मासे हजर असतात, तिथे ते कुठून आणि कधी आले याचा विचार करावा. फोनवर 'तुमच्याकडे खास काय?' असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी सुरमई असते. 'आज काय आले आहे?' असे विचारावे. समोरची बाई क्षणभर थांबते, मग म्हणते, 'सौंदाळे आहेत, पण तुम्हाला चालतील का? काटे असतात.' या 'पण'ला होकार दिला की जेवणाचा अर्धा प्रश्न सुटतो.

कारण माशाचीही एक वर्णव्यवस्था पर्यटनाने तयार केली आहे. सुरमई, पापलेट आणि कोळंबी हे तिचे त्रैवर्णिक. सुरमईचा तुकडा कापायला सोपा, काटा मधला एकच, ताटात दिसायला भारदस्त. पापलेटला तर 2023 साली महाराष्ट्राने राज्य मासा म्हणून घोषित केले. मांदेली, तारली, पेडवे, मुडदुशे, कर्ली, खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवे ही सारी घरात आवडीने खाल्ली जाणारी मंडळी. पण पाहुण्याला ती वाढायला यजमानीण संकोचते. पाहुण्याला उत्तम ते द्यावे ही तिची भावना आणि शहरी पाहुण्याचे काट्याचे भय, या दोहोंच्या संगनमताने घरगुती जेवणातून घरातलाच मासा हद्दपार झाला आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. तिथे तासभर उभे राहिले की दिसते, समुद्रातून किती जातींचे मासे येतात आणि त्यांतले किती थोडे थाळीपर्यंत पोहोचतात.

दिनमानही पाहावे लागते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत खाडीतली किंवा पारंपरिक होडीतून आलेली थोडी मासळी वगळता ताटातला मासा बर्फातला असतो, किंवा दूरचा. याच दिवसांत सुकी मासळी, रानभाज्या, फणसाच्या आठळ्या यांचे जेवण मागावे. ते घरात होतच असते. सोमवारी, संकष्टीला, श्रावणात पुष्कळ घरांत मासे शिजत नाहीत. याची तक्रार करणारे प्रवासी मी पाहिले आहेत. घर हवे, पण घराचा वार नको, असा हा हट्ट आहे.

इथे प्रतिपक्ष मांडला पाहिजे. लहान मुले बरोबर असलेल्या, दुपारी दोनला भुकेने कावलेल्या कुटुंबाला मी सौंदाळ्याचे काटे आणि वाटणाचा इतिहास ऐकवणे हे निव्वळ शहरी चोचले आहेत, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. त्याहून गंभीर आक्षेप असा की, पनीर आणि सुरमई विकून एखाद्या घराचे चार पैसे सुटत असतील, मुलीचे शिक्षण होत असेल, तर 'तुम्ही अस्सल राहा' असे त्या घराला सांगणारे आपण कोण? ग्रामीण साहित्याकडून अस्सलतेची मागणी करणाऱ्या नागर समीक्षेचाच हा खाद्यावतार आहे. आक्षेप मला मान्य आहे. म्हणून माझी मागणी स्वयंपाकघराकडे नाही, गिऱ्हाइकाकडे आहे. फोनवर तारे देऊन अभिप्राय लिहिणारा प्रवासी आज या रस्त्याचा प्रमुख समीक्षक झाला आहे, आणि त्याच्या समीक्षेची परिभाषा फार तोकडी आहे. 'जेवण यायला पाऊण तास लागला' हे तो दोष म्हणून नोंदवतो. तेवढ्यात भाकऱ्या भाजल्या गेल्या हे नोंदवत नाही. 'मेनूकार्ड नाही' हेही त्याला वैगुण्य वाटते. अशा पंचवीस अभिप्रायांनंतर घर मेनूकार्ड छापते, मग शीतकपाट घेते, मग आचारी ठेवते. पाटीवरचा शब्द तोच राहतो.

आता या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. ती रेंगाळली, बाणकोटच्या पुलासारखी वर्षानुवर्षे अर्धवट राहिली, तरी कधी ना कधी पूर्ण होतील, आणि व्हायलाही हवीत. पलीकडच्या दवाखान्यात बाळंतिणीला न्यायचे असते तेव्हा फेरीबोटीचे काव्य कोणाच्या कामाचे नसते. पूल झाल्यावर मुंबईहून निघालेली गाडी एका दिवसात मालवण गाठू पाहील, आणि मधल्या गावांतल्या जेवणाला जो वेळ फेरीबोटीच्या खोळंब्यामुळे आपोआप मिळत होता, तो प्रवाशाला मुद्दाम काढावा लागेल. धक्क्यावर बोटीची वाट पाहताना दोन घरे मागे चालत जाऊन 'जेवण मिळेल का?' असे विचारण्याची सवय त्या खोळंब्यानेच लावली होती. वेश्वीच्या अलीकडे अशाच एका घरात आम्हाला कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा एवढेच मिळाले होते. घराला पाटी नव्हती. किती द्यायचे विचारल्यावर त्या बाईंनी आत जाऊन सुनेशी काहीतरी ठरवले आणि बाहेर येऊन आकडा सांगितला. तो अलिबागच्या थाळीच्या निम्म्याहून कमी होता, आणि त्यातही बाई 'बोंबील नव्हते म्हणून' दहा रुपये कमी घ्यायला निघाल्या होत्या.