बॅटरी मेली की नुसती बसली?

शिरोळ तालुक्यात साखर कारखान्यांचा हंगाम आटोपला की ऊस ओढणारे बरेचसे ट्रक आणि ट्रॅक्टर दारात उभे राहतात. कुरुंदवाडला त्यात पावसाळ्याची भर. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या या गावाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. पूर ओसरला तरी पाणी लागलेल्या गाड्या गॅरेजच्या रांगेत पडून असतात. पुढे हंगामाच्या तोंडावर स्टार्टर मारावा तर नुसती कटकट! मग निदान ठरलेलं : बॅटरी गेली, नवी टाका.

हे निदान बऱ्याचदा घाईचं असतं.

गाडीच्या बॅटरीत आजही तेच रसायन चालतं, जे फ्रान्सच्या गास्तोन प्लान्ते यांनी १८५९ मध्ये जुळवलं : शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं गंधकाम्ल. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर बसतो, चार्ज केली की तो विरघळतो. उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच ठेवली, तर मात्र त्या थराचे खडे होतात आणि ते नेहमीच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. हा आजार वेळेत धरला तर पुष्कळदा बरा होतो. धन प्लेटची जाळी गंजली, तिच्यावरचा लेप झडून तळाशी गाळ साचला आणि एखादा सेल आतून शॉर्ट झाला, तर मात्र काही करण्यासारखं उरत नाही.

गंमत अशी की लोकांचे प्रयोग भलत्याच औषधावर चालतात, आणि ते बहुधा एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. व्हिडिओ पाहून चमचाभर मीठ टाकणाऱ्यांना या औषधाचा इतिहास माहीत नसतो. अमेरिकेत १९५०च्या सुमारास जेस रिची नावाचा विक्रेता ‘एडी-एक्स२’ ही पूड विकत होता. तिच्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं होती. सरकारी मानक संस्थेने चाचण्या करून ती निरुपयोगी ठरवली. त्यावर १९५३ मध्ये वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी संस्थेचे प्रमुख अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांचाच राजीनामा मागितला. बाजारात माल खपतोय ना, मग प्रयोगशाळेचं कशाला ऐकायचं, असा एकूण सूर. शास्त्रज्ञ खवळले, अ‍ॅस्टिन यांना परत घ्यावं लागलं आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही त्याच वर्षी पूड कुचकामी असल्याचा निर्वाळा दिला. सत्तर वर्षांनंतर तेच मीठ नव्या पुडीत फिरतं आहे.

खरा प्रयोग कंटाळवाणा आहे, म्हणून त्याचे व्हिडिओ चालत नसावेत. बूच उघडता येणारी बॅटरी असेल तर प्लेटा बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. अ‍ॅसिड नाही, चार्जिंगमध्ये कमी होतं ते पाणी. मग एक-दोन अँपिअरवर एक-दोन दिवस सावकाश चार्जिंग. त्यानंतर काही तास तशीच ठेवून मीटर लावायचा. १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली आणि सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर साधारण १.२५च्या वर सारखा दिसला, तर आशा आहे. पाच सेल ठीक आणि एकच खाली राहिला, किंवा व्होल्टेज साडेदहाजवळच अडलं, तर सेल गेला, तिथे थांबावं. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होतो, तेव्हा हे काम बंद खोलीत नको.

आणि थांबायचं म्हणजे घरी फोडायचं नाही. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढलं जाई. २००७-०८ मध्ये तिथे शिशाच्या विषबाधेमुळे अठरा मुलं दगावल्याचं समोर आलं. कुरुंदवाडच्या गटारात ओतलेलं अ‍ॅसिड आणि त्यातलं शिसं जाणार कुठे, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. केंद्राच्या २०२२च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्याकडे, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावी लागते. नूतनीकरणाला कायद्यातच जागा आहे, पण दुकानाच्या काउंटरवर ती क्वचितच दिसते. तिथे जुन्या बॅटरीचा भाव बहुधा भंगाराचा.

म्हणून एक साधी सक्ती हवी. जुनी बॅटरी मोड म्हणून घेण्याआधी दुकानदाराने लोड टेस्टर लावावा आणि आकडा पावतीवर लिहावा. दुकानदार म्हणतील, आमची विक्री बुडेल. थोडी बुडेलही. पण मोडीत काढलेली बॅटरी धुऊन-पुसून, नवं स्टिकर लावून परत विकली जाते, तो धंदाही त्या पावतीमुळे अडचणीत येईल. आणि ऊसवाहतूकदाराला हंगामाआधी कळेल की खर्च नव्या बॅटरीचा करायचा की दोन दिवसांच्या चार्जिंगचा.