गिअर अडतोय? तोंडी सांगून थांबू नका

२०२२ मध्ये महिंद्राने १२,५६६ ‘एक्सयूव्ही ७००’ आणि ६,६१८ ‘स्कॉर्पिओ-एन’ गाड्या परत बोलावल्या. मॅन्युअल गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणातील रबरी बेलो तपासायचा होता. ही तपासणी कंपनीने स्वतः जाहीर केली. दरवेळी असे होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार ठरावीक प्रमाणात मालकांनी धोकादायक दोष नोंदवला, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते. त्यासाठी तक्रार ‘वाहन’ पोर्टलवर हवी.

परभणीतील मालकांनी सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवरही तारीख, किलोमीटर आणि दोष लिहून घ्यावा. ‘असं होतंच’ हे उत्तर तोंडीच राहते. जिल्हा ग्राहक आयोगात कागद बोलतो. तिथे दाद मागण्याची मुदत २ वर्षांचीच आहे.