मागणं अपुरं राहिलेल्यांची जपमाळ

दैवी दयेची जपमाळ आता आपल्या बहुतेक चर्चमध्ये म्हटली जाते. छातीपाशून लाल आणि फिकट किरण निघणाऱ्या येशूचं चित्र तर घराघरांत आहे. ही भक्ती आपल्यापर्यंत कुणी आणली असं धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारलं की मुलं संत फॉस्तिनाचं नाव घेतात, मोठी माणसं पोप जॉन पॉल दुसरे यांचं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण ह्या दोघांच्या मधली माणसं आपण विसरतो. ती धर्मगुरूही नव्हती आणि धर्मभगिनीही नव्हत्या. ते पोलंडचे सैनिक होते, आणि मला वाटतं, ह्या भक्तीबद्दल आपण सगळ्यांत जास्त शिकायचं असेल तर ते त्यांच्याकडून.

सिस्टर फॉस्तिना मठात स्वयंपाक, बाग, दारावरची राखण अशी कामं करायच्या. १३ सप्टेंबर १९३५ रोजी विल्नो शहरात त्यांना ही जपमाळ मिळाली. नेहमीच्या रोझरीच्या मण्यांवरच ती म्हणायची असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ५ ऑक्टोबर १९३८ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी त्या वारल्या. वर्ष पुरं होण्याआधीच पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरचं सैन्य आलं आणि सतराव्या दिवशी पूर्वेकडून स्टालिनचं.

पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना १९४० पासून गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेण्यात आलं. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा राजकारण फिरलं आणि ह्याच कैद्यांतून जनरल आंडर्स यांची फौज उभी राहिली. जनरलही स्वतः मॉस्कोच्या तुरुंगातून सुटून आलेले. १९४२ मध्ये सैनिक आणि कुटुंबं मिळून एक लाखाहून अधिक माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. अंगावर चिंध्या, पोटात काही नाही, आणि टायफसने कित्येक तिथेच गेली.

ह्यांच्यातल्या बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ पासून कुठे राहिले, तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात. बेळगावहून शंभरेक किलोमीटरवर. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी आपण ज्या गांधीनगरला जातो, तिथे ती पोलिश छावणी होती. तिचं स्वतःचं चर्च होतं, शाळा होत्या. कित्येक घरांतला कर्ता पुरुष दूर आघाडीवर होता आणि इकडे पत्राची वाट पाहिली जात होती.

तिकडे ते सैनिक इराणातून इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त करत इटलीला गेले. जपाचे कागद आणि येशूचं छोटं चित्र त्यांच्याबरोबर फिरलं. त्यांच्याकडे प्रचाराची योजना नव्हती. एकाने दुसऱ्याला शिकवावं, दुसऱ्याने दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्याला, इतकंच. जेरुसलेमला क्रूसाच्या वाटेवरच्या तिसऱ्या स्थानाचं छोटं चॅपेल ह्याच पोलिश सैनिकांच्या वर्गणीतून नीट उभं राहिलं. तिसरं स्थान म्हणजे येशू पहिल्यांदा खाली पडतो ते.

मे १९४४ मध्ये त्यांनी माँते कासिनोचा डोंगर घेतला. वर संत बेनेडिक्टचा मठ होता, बॉम्बहल्ल्याने ढिगारा झालेला. तिथल्या पोलिश दफनभूमीत हजाराहून अधिक थडगी आहेत. (त्याच डोंगरावर काही महिने आधी आपले भारतीय जवानही लढले होते. आणि बेळगावात केंद्र असलेल्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे त्याच वर्षी जुलैत इटलीच्याच मातीत पडले.) हातात बंदूक धरून साऱ्या जगासाठी दया मागायची, हे सोपं नसणार. ह्या जपात दया फक्त आपल्या घरावर मागता येत नाही. समोरचा जर्मन त्यात येतो, आणि ज्याने सायबेरियाला पाठवलं तोही येतो.

आता माझा मुद्दा. ह्या सैनिकांनी देवाकडे काय मागितलं असेल हे ओळखायला विद्वान लागत नाही. घरी जाऊ दे. ते मिळालं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्या नेत्यांनी नकाशावर रेघ ओढली आणि त्यांतल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत रशियाला गेली. लढाई जिंकलेल्या बाजूला असूनही ही माणसं बेघर राहिली. मग इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जिथे आसरा मिळाला तिथे गेली, आणि जाताना तेच चित्र घेऊन गेली. पुढे १९५९ मध्ये तर रोमनेच फॉस्तिनांच्या लिखाणावर आधारलेल्या ह्या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली. ती उठली १५ एप्रिल १९७८ ला. फॉस्तिनांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर सोपोच्को तोवर वारले होते.

ज्यांचं मागणं पुरं झालं नाही त्यांनी ही भक्ती जगभर नेली. आणि आपण? नोव्हेनाला येणाऱ्या चिठ्ठ्या आणि साक्षी ऐका. मुलाला आखातात नोकरी लागली, जागेचा दावा सुटला, ऑपरेशन चांगलं झालं. आभार मानूच नयेत असं मी म्हणत नाही. बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला, ह्याचं प्रभूलाही वाईट वाटलं होतं. पण फक्त मिळालेल्यांचीच साक्ष ऐकवत राहिलो तर मागच्या बाकावरच्या बाईला काय वाटत असेल? तिने तेवढेच शुक्रवार केले आणि तिचा नवरा वाचला नाही. आपल्या विश्वासातच काही कमी होतं असा हिशेब ती घालत बसते. हळूहळू यायची बंद होते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. नवसाची सवय आपल्या मातीत जुनी आहे, बाप्तिस्मा घेतल्याने ती आपोआप जात नाही.

ईस्टरनंतरच्या रविवारी दैवी दयेचा सण येईल. दरवर्षी आपण मिस्सेनंतर दोन-तीन जणांना साक्ष द्यायला बोलावतो. यंदा त्यातली एक जागा मागच्या बाकासाठी ठेवावी, अशी फादरांना आणि पॅरिश कौन्सिलला माझी विनंती आहे. जिचं मागणं पुरं झालं नाही आणि जी तरीही जपमाळ म्हणते, तिला बोलवा. ती कदाचित दोन वाक्यंच बोलेल. तेवढी चालतील.