एका किलोमीटरच्या आतले शिक्षण

कोपर स्थानकाच्या आसपासच्या वस्तीत शाळा उघडण्याच्या सुमारास एकच प्रश्न घरोघर असतो : मुलाला महापालिकेच्या शाळेत घालायचे की ‘इंग्लिश मीडियम’मध्ये? पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा कामगार आणि चार घरची धुणीभांडी करणारी त्याची पत्नी पोटाला चिमटा घेऊन दुसरा मार्ग पत्करतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला तर मुळीच नाही. महापालिकेच्या शाळा वाचवण्याच्या ठरावांवर सह्या करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची मुले त्या शाळांत आहेत, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

खासगी शाळा सरस, हे सर्वांनी गृहीतच धरले आहे. ते तपासण्याचा एक गंभीर प्रयत्न आंध्र प्रदेशातील खेड्यांत २००८ पासून चार वर्षे झाला. इच्छुक कुटुंबांतून सोडत काढून काही मुलांची खासगी शाळेची फी भरण्यात आली आणि सोडतीत नाव न निघालेल्या मुलांशी त्यांची तुलना करण्यात आली. घरची परिस्थिती त्यामुळे दोन्हीकडे सारखीच होती. चार वर्षांअखेर तेलुगू व गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेतली मुले पुढे होती. एरवी जी गुणवत्ता आपण शाळेच्या नावावर जमा करतो, तिचा मोठा वाटा घरचा असतो : शिकलेली आई, शिकवणी, पोटभर अन्न.

या पाहणीचा दुसरा निष्कर्ष आपल्या सोयीचा नाही, म्हणून तो लपवू नये. खासगी शाळांनी हे फळ सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात मिळवले. ही स्वस्ताई मुख्यतः शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारातून आलेली आहे, आणि कामगार चळवळीने तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु पुरेसे वेतन घेणाऱ्याकडून पुरेसे अध्यापन मागणे हा काही कामगारद्रोह नव्हे, हे शिक्षक संघटनांतील आपल्या मित्रांनी ऐकून घ्यावे. मतदारयाद्यांसाठी शिक्षकाला दारोदार हिंडवणाऱ्या शासनाने तर ते अधिकच ऐकावे.

शासनाने हा वाद ९ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या परीने निकालात काढला. शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखल्या आहेत. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला यातून सूट, असा नियम मुंबईत काढण्यात आला. डोंबिवली-कोपरसारख्या दाट वस्तीत अशी शाळा जवळ नाही असे ठिकाण किती सापडणार? गरिबाच्या मुलासाठी महापालिकेची शाळा पुरेशी चांगली आहे, असेच शासनाने जाहीर केले म्हणायचे. मग ती मंत्र्यांच्या आणि सचिवांच्या मुलांना का पुरत नाही? सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी शाळेत घालावीत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला होता. तो कागदावरच राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी एक किलोमीटरचा नियम रद्द केला, हे बरे झाले.

पण २५ टक्के म्हणजे समता नव्हे. उरलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्या सोडतीतून सुटत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरातील सर्व मुलांसाठी एकच समान शाळा सुचवली, १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती तत्त्वतः मान्य केली, आणि २०१२ साली महाराष्ट्राने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा करून नेमकी उलटी वाट धरली.

ही वाट बदलण्याचा लढा मोठा आहे. पण एक काम आजच हाती घेता येण्याजोगे आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. धुणीभांडी करणारी ती आई या समितीवर हक्काने बसू शकते. मात्र सभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवली, तर रोज बुडवून ती येणार नाही आणि कोरी नोंदवही सहीसाठी तिच्या घरी जाईल. सभा रविवारी भरावी आणि खर्चाचा हिशेब तेथे वाचून दाखवावा, ही मागणी घेऊन कोपरच्या कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांकडे जावे. जाताना त्या आईला पुढे ठेवावे, आपण मागे राहावे.