नटली तर हसता, नाही नटली तर विचारता

नवरात्र आठवड्यावर आलंय आणि आपल्या वाळूज-बजाजनगरच्या ग्रुपांवर दरवर्षीचे विनोद सुरू झालेत. पावसात मेकअप धुतला गेला आणि नवऱ्यानं बायकोला ओळखलंच नाही, हा एक. पार्लरबाहेर वाट बघून म्हातारा झालेला नवरा, हा दुसरा. नऊ दिवस नऊ साड्या आणि नवऱ्याचं दिवाळं, हा तिसरा. हा तिसरा मला तिघांनी पाठवला. त्यात एक शिक्षक, एक माजी ग्रामपंचायत सदस्य आणि एक युनियनवाला. तिघंही ओळखीचे, कामाला धावून येणारे. म्हणूनच लिहितेय, नाहीतर ब्लॉक करून मोकळी झाले असते.

हसायला माझी हरकत नाही. पण ज्या कामावर हसताय, ते काम बाईकडून मागतं कोण, हे एकदा बघू.

आपल्याच भागापासून सुरू करू. पहिल्या पाळीची बस यायच्या आधी महाराणा प्रताप चौकात किंवा मोहटादेवी चौकात उभ्या असलेल्या बायका-पोरी बघा. वेणी घट्ट, ओढणीला पिन, कपाळाला टिकली, चेहऱ्याला पावडर. पहाटे. त्याच्या आधी दोन-तीन डबे भरून झालेत, पाणी भरून झालंय, पोरांचे कपडे काढून ठेवलेत. शेजारीच पुरुष उभे असतात. उठले, तोंड धुतलं, शर्ट अडकवला, आले. दाढी वाढली असेल तर वाढली. त्याला कुणी थांबवून विचारत नाही.

बाईला मात्र विचारतात. टिकली नसली की, काय गं, बरं नाही का? हातात बांगडी नसली की, घरी सगळं ठीक ना? केस नीट नसले की, आज अशीच आलीस? विचारणारं माणूस वाईट असतं असं नाही, बऱ्याचदा दुसरी बाईच असते. पण दिवसातून चार वेळा उत्तर देण्यापेक्षा पहाटे अर्धा तास आधी उठलेलं परवडतं. तेच ती करते.

आता हा अर्धा तास मोजू. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर १३ तास झाले. आठ तासांच्या पाळीनं दीड पाळीच्या वर. वर्षाचे १५६ तास, म्हणजे साडेएकोणीस पाळ्या. ह्या पाळ्या कुठल्या मस्टरवर लागत नाहीत. त्यांचा ओव्हरटाइम नाही, बदली रजा नाही. वर आयब्रो, मेंदी, पिना, पावडर, फेशियल हा खर्च तिचाच. युनियनवाल्या भाऊंना म्हणूनच खास विचारते, वीस पाळ्या फुकट करून घेणारा कंपनीमालक असता तर तुम्ही गेटवर सभा घेतली असती की विनोद फॉरवर्ड केला असता?

औषधांच्या आणि खाण्याच्या वस्तूंच्या कंपन्यांत तर गंमतच आहे. आत जाताना टिकली, बांगड्या, नेलपॉलिश, काजळ काही चालत नाही. नियम बरोबर आहे, कुणाच्या गोळ्यांच्या पाकिटात टिकली जायला नको. पण मग होतं काय? घरून निघताना घालायचं, कारण घरच्यांना आणि गल्लीला दिसलं पाहिजे. आत काढून ठेवायचं. पाळी सुटली की पर्स उघडून परत घालायचं, कारण परतीच्या रस्त्यावर तीच गल्ली आहे. आणि त्याच कंपनीच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या पोरीला सांगितलेलं असतं, जरा प्रेझेंटेबल राहत जा. लेखी नाही हं. लेखी असतं तर भत्ता मागता आला असता.

माझ्या धंद्याचं वेगळं नाही. डिप्लोमा करून बाहेर पडले तेव्हा एका वाहिनीच्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न आला, केस मोकळे सोडाल का? माझ्यानंतर आत गेलेल्या मुलाला जिल्हा परिषदेच्या राजकारणावर विचारलं. नोकरी त्याला मिळाली याचं दुःख नाही, हुशार होता. पण मी जिल्हा परिषद पाठ करून गेले होते.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयाबाहेर संभाजी भिडे यांनी एका मराठी वाहिनीच्या पत्रकार तरुणीशी बोलायला नकार दिला, कारण तिच्या कपाळाला टिकली नव्हती. आधी टिकली लाव, मग बोलतो, असा मामला. प्रत्येक स्त्री भारतमातेचं रूप आणि भारतमाता विधवा नाही, हा त्यांचा युक्तिवाद. राज्य महिला आयोगानं नोटीस काढली, चार दिवस चर्चा झाली. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच अडकून राहिलं. त्या वाक्यातला पत्रकार मुलीचा अपमान सगळ्यांना दिसला. विधवेचा किती जणांना दिसला?

कारण खरी गोम तिथंच आहे. आपल्याकडे बाईचं नटणं हा शृंगार कमी आणि ओळखपत्र जास्त. कुंकू, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र बघून लोक ठरवतात, हिच्याशी कसं बोलायचं, हिला कुठं बोलवायचं, हिच्या वाटेला जायचं की नाही. म्हणून नवरा गेला की हे ओळखपत्र जप्त होतं. आयुष्यभर जिला सांगितलं की टिकली लावल्याशिवाय दारात येऊ नकोस, तिलाच एका दुपारी चार बायका धरून कुंकू पुसायला लावतात, बांगड्या फोडतात. हौस असती तर तिची तिला ठेवू दिली असती ना?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेरवाडसारखं करावं. बाईच्या कपाळावर काय असावं यासाठी ग्रामसभा भरवावी लागते, यावरून समजा की तो विषय तिच्या आरशापुरता कधीच नव्हता. परिपत्रकाला तीन वर्षं उलटून गेली. आपल्या कॉलनीतल्या हळदी-कुंकवाच्या याद्या आठवून बघा, कोणाकोणाला निरोप जात नाही ते. मला नावं सांगायची गरज नाही, तुमच्याच गल्लीत आहेत.

सरकारचंही ऐका. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या यांवर कर शून्य होता आणि सॅनिटरी पॅडवर १२ टक्के. म्हणजे टिकली ही गरज आणि पॅड ही चैन! वर्षभर बायकांनी आरडाओरडा केला, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो कर गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसांचं तेल, पावडर यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलंच आहे, चार पैसे वाचतील. पण तोंडाला पावडर लागलीच पाहिजे, हे कोणत्या परिषदेत ठरलं ते काही कळलं नाही.

रंगाचं तर काय बोलावं. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली, २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झाली. पाटी बदलली. स्थळ बघायला येणाऱ्यांचा प्रश्न बदलला नाही. मुलगी इंजिनीअर असू द्या, बँकेत असू द्या, फोटो बघून पहिलं वाक्य, रंगानं जरा कमी आहे. मग ती काहीतरी शोधतेच. २०२२ मध्ये अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीनं गोरं होण्याची क्रीम वापरली, तिच्या आईनं आणि बहिणीनंही वापरली, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. एका घरातल्या तीन बायका! आपल्या कायद्यात अशा क्रीममध्ये पाऱ्याचा चुकून आलेला अंश दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण बिनालेबलच्या डबीत कोण मोजायला जातंय?

आपल्याकडे डबीपेक्षा मेडिकलवरची ट्यूब जास्त चालते. खाजेची, नायट्याची म्हणून आणतात आणि रोज रात्री चेहऱ्याला लावतात. त्यात स्टिरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, म्हणून ती खूश. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुरळ येतं, लव वाढते. बंद केलं की आणखी भडकतं, म्हणून परत लावते. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. किती ठिकाणी चिठ्ठी मागतात, ते तुम्हीच सांगा. ज्यांच्या घरात अशी ट्यूब असेल त्यांनी उद्याच त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, घाटीत दाखवा, पण आपल्या मनानं एकदम बंदही करू नका.

आता नवरात्राच्या रंगांकडे येते, कारण विनोद त्यावर आहे आणि हात आमच्या धंद्याचा आहे. नऊ दिवसांचे नऊ रंग ही काही आजी-पणजीची परंपरा नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सनं हा उपक्रम काढला, बायकांनी ऑफिसातले एका रंगाच्या साड्यांतले फोटो पाठवले, पेपरनं छापले आणि बघता बघता सगळ्यांनी उचललं. रंग ठरतात वारावरून. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, असं. २०२५ मध्ये घटस्थापना सोमवारी होती, म्हणून पहिला रंग पांढरा होता. देवीनं सांगितलेलं नाही, कॅलेंडरनं सांगितलंय. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनीही या रंगांना शास्त्राधार नसल्याचं अनेकदा सांगितलंय.

सुरुवातीला त्यात मजा होती, आजही आहे. लोकलच्या डब्यात, बँकेत, शाळेत सगळ्या जणी एका रंगात दिसल्या की छान वाटतं, मी नाही म्हणत नाही. पण मजेची सक्ती कधी झाली ते बघा. ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज येतो, उद्या सगळ्या लेडीज ग्रीन. सोसायटीत बक्षीस लागतं. शाळेत शिक्षिका रंगात आली नाही तर चौथीतली पोरं विचारतात. आणि रांजणगावच्या एका खोलीत राहणारी, लाइनवर उभं राहून रोजंदारी करणारी बाई शेजारणीकडून करड्या रंगाची साडी मागायला जाते, कारण करडी साडी कोण विकत घेऊन ठेवतं? एकही पुरुष सुपरवायझर त्या दिवशी करडा शर्ट शोधत फिरत नाही. मग त्याच घरातला गडी फोनवर तो दिवाळ्याचा विनोद वाचून हसतो. साडी मागून आणलेली असते हे त्याला माहीत असतं.

कुणी म्हणेल, ताई, बायकांना आवडतंच ना नटायला. आवडतं. मलाही आवडतं. कर्णपुऱ्याच्या यात्रेतून बांगड्या भरल्याशिवाय मी आजही परत येत नाही. आणि बजाजनगरच्या रो-हाउसांच्या पुढच्या खोलीत पडदा लावून, एक खुर्ची आणि एक आरसा टाकून पार्लर चालवणाऱ्या किती जणी आहेत बघा. त्या पैशावर पोरांच्या फिया भरल्यात, नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा घर चालवलंय. गिऱ्हाईक बाईलाही तो अर्धा तास असा मिळतो की कुणी हाक मारत नाही. माझं भांडण या हौशीशी नाही. हौस म्हणजे मनात आलं तर केलं, नाही आलं तर नाही, आणि दोन्हीचं कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही. ही सूट आपल्या किती जणींना आहे?

म्हणून चार गोष्टी मागते, त्यांना पैसे फारसे लागत नाहीत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या कलम ४२ मध्ये बायकांसाठी वेगळी, आडोशाची धुण्याची सोय सांगितली होती. ती कागदावर नको, आरसा आणि सामान ठेवायला जागा यांसकट हवी. ज्यांना रिसेप्शनवर आणि शोरूममध्ये प्रेझेंटेबल पोरी पाहिजेत त्यांनी अट लेखी द्यावी आणि तिचा खर्चही द्यावा. साहेबांनी रंगाचे मेसेज बंद करावेत. आणि मंडळांनी, बचत गटांनी यंदाच्या हळदी-कुंकवाचा निरोप आधी त्या घरांत द्यावा जिथं तो जात नाही. पहिलं ताट त्यांच्या हातात.

बायांनो, तुम्हाला एक विनंती. तुमच्या कंपनीत, दुकानात, शाळेत दिसण्याबद्दल काय काय सांगितलं जातं, तोंडी असो की मेसेजवर, ते मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव छापणार नाही, कंपनीतलं खातंही कळू देणार नाही. दसऱ्यानंतर त्याची सविस्तर बातमी करतेय, कामगार खात्याला प्रश्न विचारूनच करणार आहे. भाऊलोकांनी हवं तर कमेंटमध्ये भांडावं, मी रात्री नऊनंतर मोकळी असते.